अण्णांची बाटली

प्रतापदादा,

नमस्कार लिहायला हात उठत नाही.

इकडे परदेशात, फोरबर्गच्या हॉटेलात भांडी घासून मी ती इटलीची लाल वाईन घेतली. तिथले एक बाप आणि लेक मिळून ती घरच्या द्राक्षांची करतात. अण्णांचा जन्म द्राक्षबागेत गेला, त्यांनी एकदा चाखावी म्हणून धाडली. तू ती सोडा घालून सरपंचाला पाजलीस आणि रिकाम्या बाटलीत स्वस्तातली गोड वाईन भरून अण्णांना दिलीस. वहिनीच बोलून गेली.

ती इटलीची तुरट असते, दादा. गिऱ्हाइकाच्या ग्लासात उरलेली मी चाखलीय.

काल फोनवर अण्णा म्हणाले, "लई गोड होती रे पोरा." इतके खूश होते, की मीही म्हणालो, "गोडच असते, अण्णा."

म्हणून हे पत्र टाकत नाही. आता खरी बाटली धाडली, तर अण्णा म्हणतील, पोराला कुणीतरी फसवलं.

तुझा म्हणवत नाही,
विराज