सावली दोन हातांवर

यावल, ता. २ जून १९३८

ती. सौ. अक्कास पितांबरचा नमस्कार. तू बाळंतपणातून सुखरूप उठलीस हे कळून बरे वाटले. इकडे कुंदा व मुले ठीक आहेत. केळीला पाणी पुरते आहे.

आबांचे सुतक फिटले त्या दिवशी, गंधमुक्तीला, भाऊजींनी मला घरचा कर्ता म्हणून बांधायला पागोटे आणले होते. मी चार माणसांत ते बांधू दिले नाही. भाऊजी न जेवता चाळीसगावला परतले. त्यांची काही चूक नव्हती.

भाऊजी, हे पत्र तुम्हीच अक्काला वाचून दाखवणार. पुढचे काही गाळू नका.

कार्डावर मी 'आबा ज्वराने गेले' एवढेच लिहिले. ज्वर कशाने आला ते लिहिले नाही.

आबांचा हात कापू लागला तेव्हा वैद्यांनी कंपवात सांगितला. हाताचे कोणाला काही वाटले नाही. पण मागच्या वर्षापासून ते काहीच ठरवीनासे झाले. कोणता घड उतरवायचा विचारले तर "तू बघ." धोतर पुढे ठेवले तर त्याकडे पाहत बसायचे. दिवाळीला तू म्हणालीस, "त्यांना सांगावं लागतं रे. सांगितलं की करतात." मला ते आळसाचे लाड वाटले.

वैशाखात शेजारचा कौतिक पारावर सगळ्यांसमोर म्हणाला, "पितांबर, तुमचे आबा नवरदेव झाले का? हाताला धरल्याबिगर हलत नाहीत!" लोक हसले. दुसऱ्या सकाळी मी आबांना मळ्यात निंबाखाली बसवले आणि घरच्यांना बजावले, कोणी उठवायचे नाही.

दुपारी सावली सरकली. कुंदा म्हणाली, "आबा उन्हात आले हो."

"सावली दोन हातांवर आहे. चटका बसला की सरकतील."

ती पुन्हा म्हणाली तेव्हा मी तिच्यावर ओरडलो.

मी बांधावरून पाहत होतो, अक्का. ते सावलीकडे पाहत होते. बराच वेळ पाहत होते.

उन्हे कलल्यावर मी जवळ जाऊन म्हटले, "आबा, उठा." ते लगेच उठले. अंग भाजत होते. म्हणाले, "तू बोललाच नाही."

रागाने नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी गेले.

पागोटे पेटीत आहे. घडी मोडलेली नाही. भाऊजी पुन्हा बांधायला आले तर डोके पुढे करीन, परत मागितले तर पाठवीन. आबांना सांगायचीस तसे मलाही सांग.

तुझा धाकटा,
पितांबर