पुसू नये

१२ फेब्रुवारी, दुपारचे तीन

प्रिय धाकट्या,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तुझ्या मनात पहिला विचार आईचा आला असेल. तिला काही झालेलं नाही. ती समोर खिडकीत बसून सुईत दोरा ओवते आहे. मी काय लिहिते आहे ते विचारायचं नाही असं तिनं ठरवलं आहे आणि दर दोन मिनिटांनी विचारते आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ ठणठणीत आहे. तुझा खोकला गेल्याचं कळलं. म्हणजे आई तुझ्याशी फोनवर बोलत होती तेव्हा मी भांडी घासायची थांबवून नळ बंद केला आणि ऐकलं. अकरा वर्षं मी तुझी खुशाली अशीच मिळवते आहे, भिंतीआडून.

आधी बातमी सांगते. काल सकाळी आमच्या खेळसंग्रहाच्या नोंद-समितीची बैठक झाली. जुने व्हिडिओ गेम कपाटात लावायचे, ते कुणी केले, कुठल्या यंत्रावर केले, नंतर कुठे गेले याची नोंद ठेवायची, हे आमचं काम तुला ठाऊक आहे. नोंदवही आता छापायची आहे. तिच्यात एक रकाना आहे 'पोर्ट', म्हणजे एका कन्सोलवरून दुसऱ्या कन्सोलवर नेलेला खेळ. कुण्या हुशार माणसानं शब्दकोश उघडून त्या रकान्याचं मराठी केलं 'बंदर'. तेव्हापासून बैठकीत "हा बंदरात घ्यायचा की बाहेर ठेवायचा?" असे प्रश्न चालतात आणि अध्यक्षबाई, ज्या तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या, चेहरा जराही न हलवता "बंदराबाहेर" असं लिहून घेतात.

हसून झालं की भांडण सुरू होतं. मूळ कोड घेऊन नव्या यंत्राला समजेल एवढा फिरवला, तर पोर्ट. यावर सगळ्यांचं एकमत. पण जुन्या काळी एकाच नावाचा खेळ एका कन्सोलवर धावण्याचा आणि दुसऱ्यावर कोडी सोडवण्याचा असे, तो? नव्या यंत्रात जुन्या यंत्राचं सोंग उभं करून त्यात जुना खेळ जसाच्या तसा चालवला, तो? मी म्हटलं, पोर्ट म्हणजे बिऱ्हाड हलवणं. जुनं घरच उचलून नव्या घराच्या दिवाणखान्यात मांडलं, तर त्याला बिऱ्हाड हलवणं म्हणत नाहीत. टाळ्या पडल्या. मला टाळ्या पडतातच, तो माझा जुना रोग आहे.

मग चौथा प्रश्न आला. मूळ कोड हरवलेला आहे. एका माणसानं जुना खेळ समोर चालवून, हातात घड्याळ धरून, एकेक पाऊल मोजून सगळा पहिल्यापासून नव्यानं लिहिला. तो पोर्ट की नवा खेळ?

अध्यक्षबाई म्हणाल्या, "याचं उत्तर अकरा वर्षांपूर्वीच तुम्ही भाषणात दिलंय. नियम तुमचाच आहे."

खरंच माझाच आहे. तू तिसऱ्या रांगेत होतास, कडेच्या खुर्चीवर, निळा शर्ट. तू, मी आणि आईनं मिळून केलेला जुना खेळ, 'दिवेवाली', तू नव्या कन्सोलवर आणला होतास आणि नोंद कशी करायची हे त्या सभेत ठरणार होतं. मी उभी राहिले. बहीण म्हणून पक्षपात केला असं कुणी म्हणू नये, म्हणून जरा जास्तच ताठ उभी राहिले. "ज्याचा मूळ कोड हलला नाही तो खेळ हललाच नाही! पाहून पाहून पुन्हा काढलं त्याला पोर्ट म्हणू नका, नक्कल म्हणा!" आणि शेवटच्या दृश्यावर तर मी तुटून पडले. सोळा दिवे लागले की जुन्या यंत्राला एवढं सगळं एकदम पडद्यावर काढणं झेपत नसे, सगळा खेळ मंदावे आणि दिवेवाली जड पावलांनी घरी जाई. नवं यंत्र शंभर पटींनी वेगवान, तरी तू तिला तसंच सावकाश चालवलंस. मी म्हणाले, "धडधाकट यंत्राला मुद्दाम लंगडायला लावणं ही कला नव्हे, ही मिमिक्री आहे."

लोक हसले. तू नाही हसलास, उठूनही गेला नाहीस. शेवटपर्यंत बसलास.

नोंद झाली: नवा खेळ, कर्ता एकटा तू. मूळ खेळाशी नातं तुटलं, त्याबरोबर कथा लिहिणारी म्हणून माझं नाव गेलं, आणि आईचंही. भरतकामाच्या चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून दिवेवालीचं नाक, पदर, शिडी जिनं काढली, ती आई. ब्लाउज शिवता शिवता "हिला अजून एक चौकोन उंच कर, नाहीतर कंदिलाला हात कसा पुरेल?" म्हणणारी. तिनं नोंदीचा कागद पाहिला, घडी घातली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं माप घेतलं. तू त्या महिन्यात बिऱ्हाड हलवलंस. मी सगळ्यांना सांगत राहिले की आमचा वाद तत्त्वाचा आहे.

तत्त्वाचा! धाकट्या, आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी मघाशी उठून दोनदा चहा केला. आई म्हणाली, "एवढा चहा कोण पिणार आहे? लिही मुकाट्यानं."

मूळ कोड हरवला नव्हता. मी पुसला होता.

तेव्हाच्या रीतीप्रमाणे तुझा सगळा कोड आवाजाच्या रूपात साध्या कॅसेटवर होता. मी वीस वर्षांची, तू सतरा. वक्तृत्वाच्या अंतिम फेरीच्या दिवशी सकाळी मला स्वतःचा आवाज ऐकून पाहायचा होता. कोरी कॅसेट मिळेना. तुझ्या खणात एक होती, आतल्या चिठ्ठीवर हिरव्या शाईत तुझं अक्षर: 'मूळ. पुसू नये.' मी वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं आता म्हणणार नाही. मला वाटलं, तू दोन प्रती ठेवतोस. बारा मिनिटांचं भाषण मी त्यावर बोलले. विषय होता सत्य. हसू नकोस. म्हणजे हस, हसलास तर बरं.

पहिला नंबर आला. आठवड्यानं तू खण उपसत होतास आणि मी दारात उभी राहून म्हणाले, "आवराआवरीत हरवली असेल." दुसरी प्रत नव्हती. खेळ विकणाऱ्या कंपनीकडे कार्ट्रिजवरचा, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायच्या डबीतला, तयार खेळ गेला होता, पण तो ज्यातून घडला तो तुझा लिखित कोड फक्त त्या फितीवर होता. कॅसेट मी माझ्या प्रशस्तिपत्रांच्या पेटीत तळाशी टाकली आणि ती पेटी पुन्हा कधी उघडली नाही. आणि सभेत "मूळ कोड कुठे आहे?" असं मीच गरजले. ज्या हातानं पुसलं तोच हात उंचावून. राग तुझ्यावर नव्हता रे. मूळ कोडाशिवायही तू सगळं परत उभं केलंस, म्हणजे मी काय केलं होतं ते आता दिसणार, याची भीती होती. भीतीला मी आयुष्यभर आवेशाचे कपडे घातले.

गेल्या महिन्यात समितीनं सभासदांकडून जुन्या वस्तू मागवल्या. मी बाहेर होते. आईनं पेटी उघडली. परत आले तर ती कॅसेट मांडीवर घेऊन बसलेली.

"ही तुझी का धाकट्याची?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "धाकट्याची." छत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

"मग यावर तुझं नाव का?"

चिठ्ठी तीच, शाई तीच, अक्षर तुझं. पण मजकूर वेगळा: 'ताईचं भाषण. पुसू नये.' मी चिठ्ठी उलटली. मागे 'मूळ. पुसू नये.' आणि कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही प्लास्टिकच्या छोट्या पट्ट्या मोडलेल्या, म्हणजे तिच्यावर पुन्हा कुणालाही काही भरता येऊ नये अशी सोय केलेली.

मी पेटीपाशीच खाली बसले. तुला माहीत होतं. ती हिरवी शाई त्याच वर्षी संपली होती, म्हणजे सतराव्या वर्षीच माहीत होतं. तुला ती सापडली, तू ती ऐकलीस, आपल्या कोडाच्या जागी माझा आवाज ऐकलास आणि तो जपून ठेवलास. आणि अकरा वर्षांपूर्वी त्या तिसऱ्या रांगेत उठून एक वाक्य बोलला असतास, "ताई, कॅसेट कुठे आहे?" तर मी जागच्या जागी संपले असते. तू बोलला नाहीस.

आई म्हणाली, "आमच्या लहानपणी पुसणं म्हणजे विचारणंसुद्धा. 'त्याला जरा पुसून ये,' असं म्हणायचे. त्यानं पुसलं नाही, तू सांगितलं नाहीस. छान चाललंय तुमचं!"

मग मी ती कॅसेट संग्रहातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेली. तो माणूस दिवसभर कन्सोलच्या पोटात डोकं घालून असतो आणि माणसांशी फारसं बोलत नाही. माझं बारा मिनिटांचं सत्यावरचं भाषण त्यानं पूर्ण ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "आवाज फार आहे." पण माझं भाषण संपल्यावर, धाकट्या, फितीवर किंचाळी उरली होती. तुझी. कोडाची ती कर्कश चिरचिर, चाळीस सेकंद. तेवढ्यापर्यंत मी पोहोचले नव्हते. सुरुवात नसल्यानं यंत्र ते वाचेना. त्यानं आवाजाची रेघ कागदावर काढून नऊ दिवस अक्षराला अक्षर जुळवलं. निघालं काय, तर शेवटचं दृश्य. आणि त्यात रोमन लिपीत तू स्वतःसाठी लिहिलेली मराठी ओळ: 'इथे यंत्र दमतं. दुरुस्त करता येईल. करायचं नाही. दिवसभर दिवे लावून बाई पण दमली असेल.'

दुरुस्तीवाल्यानं जुन्या कार्ट्रिजवरचा खेळ आणि तुझी नवी आवृत्ती शेजारी शेजारी लावली. घड्याळ लावून मोजलं. पाऊल पावलाला जुळलं. कोडाची एकही ओळ सारखी नाही आणि चाल तंतोतंत तीच. जिला मी मिमिक्री म्हणाले तो तुझा मूळ निर्णय होता, आणि त्याला कोड लागलाच नाही. तो तुझ्याबरोबर चालत आला होता.

हे सगळं मी काल बैठकीत सांगितलं. माझं आयुष्यातलं सगळ्यात वाईट भाषण. मध्येच हातातले कागद खाली पडले, कुणी टाळी वाजवली नाही. मी म्हटलं, बिऱ्हाड हलवताना भांडी फुटतात, कपाट दारातून जात नाही, सगळं सामान नवं घ्यावं लागतं. तरी सकाळी घरात तीच माणसं तशीच उठली, तर बिऱ्हाड हललं. कुठला कोड गेला हे विचारू नका. जपायचं काय, बदलायचं काय हे ठरवणारं कुणीतरी खेळाबरोबर गेलं का, एवढं पाहा. आणि माझा नियम रद्द करा, कारण तो नियम नव्हता, तो माझा आडोसा होता.

मग अध्यक्षबाईंनी टोपण उघडलं. "दिवेवाली. बंदरात," म्हणाल्या आणि लिहिलं. मूळ खेळाचं कर्तेपण: कोड धाकटा भाऊ, चित्रं आई, कथा थोरली बहीण. मी म्हटलं, माझ्या नावापुढे शेरा हवा, 'मूळ कोड हिनेच पुसला.' बाईंनी रकान्यावर पट्टी ठेवून पाहिलं. "एवढी जागा नाही हो. तुम्ही नेहमीच लांब बोलता."

मी हसले, आणि मग हसू थांबेचना. बाहेर आले तर स्वच्छ ऊन होतं, आणि मला वाटलं की छत्तीस वर्षं दोन्ही हातांत पिशव्या धरून मी भाषणं करत होते. काल कुठे त्या खाली ठेवल्या. घरी येऊन आईला पान दाखवलं. तिनं आपलं नाव बोटानं वाचलं आणि विचारलं, "चौकोन मोजणारी असंही लिहिता आलं असतं का?" मग दिवेवाली लाव म्हणाली. शेवटच्या दृश्यात बाई जड पावलांनी घरी निघाली तेव्हा आई पडद्याशी बोलली, "सावकाश ये, घाई नाही."

माफ कर असं लिहायला बसले होते. ते लिहिते: मला माफ कर. तुझा कोड पुसला म्हणून, आणि त्याहून जास्त, तुला नकलाकार म्हणाले म्हणून. तुला माफ करणं जमणार नसेल तर तसं सांग, मी वाद घालणार नाही. हे वाक्य जपून ठेव, माझ्याकडून पुन्हा मिळणार नाही.

कॅसेट पोस्टानं पाठवत नाही. पोस्टावर माझा विश्वास आहे, पण ती तुझ्या हातात मला द्यायची आहे. तू घ्यायला ये, किंवा एका ओळीनं कळव, मी आईला घेऊन येते. तुझ्या दारात मी आधी गप्प उभी राहीन. तू पूस. जे पुसशील त्याचं उत्तर देईन.

तुझ्या चाळीस सेकंदांपर्यंत न पोहोचल्याबद्दल देवाचे आभार मानणारी,

तुझी
ताई