सुमंतचे सात वार

अहमदनगर,
रविवार, ता. ११ डिसेंबर १९४९

प्रिय इंदू,

नमस्कार, आशीर्वाद, क्षेमकुशल सगळं पोचलं असं समज. पुणतांब्यात तुझं, तुझ्या भटजींचं आणि गोदावरीचं बरं चाललं असेल. इथे थंडी कडाक्याची आहे. शाळेतल्या पोरींचे निबंध तपासून माझे डोळे गेलेत आणि जीभ, तू म्हणतेस तशी, अजून शाबूत आहे.

आता पाट घे आणि बस. तुझा सुमंत खुशाल आहे. काल त्याने उजव्या पायाचा अंगठा हलवला! दवाखान्यात पेढे वाटले गं! अंगठा हलवला म्हणून पेढे वाटणारं गाव तू पाहिलं नसशील. सांगते, नीट क्रमाने सांगते.

त्याने तुला पाठवलेलं कार्ड, 'पाय किंचित मुरगळला आहे, काळजी नसावी', ते आधी चुलीत घाल. मुरगळला नाही, मोडला आहे. तार मी करणारच होते, पण त्याने शपथ घातली. म्हणाला, "मावशी, तारवाला दारात दिसला की आई पाकीट न उघडताच हंबरडा फोडेल आणि बाबा पंचा घेऊन घाटावर निघतील." खोटं का बोलू, मला पटलं. तुमच्या आळीत आनंदाची तार कधी आली होती?

जूनमध्ये तूच मला लिहिलं होतंस, 'दमू, पोराला एक वार दे.' मी शनिवार दिला. बाकीचे सहा त्याने स्वतः हिंडून मिळवले. रोज एका घरी जेवायचं आणि आठवड्याला सात घरं. अशा मुलांच्या तोंडी माणसांना नावं राहत नाहीत. मी शनिवार. तोफखाना पेठेतल्या बनुबाई म्हणजे मंगळवार. पेढीवाले बन्सीशेट शुक्रवार. परवा बाजारात एक बाई दिसल्या तर हा मला सांगतो, "मावशी, ती बघ बुधवारची धाकटी जाऊ."

तर मागच्या शनिवारी स्वारी वसतिगृहाच्या वाचनालयात बसली होती. माझ्या घरची खिचडी आठवली तशी उठली. (शनिवारी माझा उपास, म्हणजे त्याचाही. तो कुरकुरत नाही, रविवारी दुप्पट जेवतो.) मित्राची सायकल घेतली. मित्राने सायकल दिली, ब्रेक नाही एवढं सांगायचं राहिलं. वसतिगृहाच्या फाटकाशी उतार आहे. समोरून आली कडब्याची गाडी, आणि तुझे चिरंजीव सायकलीसकट मोरीत.

वसतिगृहाचे रेक्टर आसारामजी धावत आले. खरंच धावत आले, तेवढं श्रेय द्यायला हवं. आले आणि विचारलं काय, तर "अपघात आवारात झाला की आवाराबाहेर?" म्हणजे असं, की संकटातल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्याकडे एक मदत समिती आहे आणि ती फक्त आवारातली संकटं बघते. सायकलचं मागचं चाक फाटकाच्या आत होतं, पुढचं नगरपालिकेच्या हद्दीत, आणि सुमंत मधोमध. "समिती बोलवावी लागेल," आसारामजी म्हणाले, "आणि विद्यार्थ्याने समक्ष येऊन अर्ज द्यावा."

तेवढ्यात अल्लाबक्ष टांगेवाला भिंगारकडे निघाला होता, तो थांबला. "सायेब, पोराचं हाड भाईर आलंय. आवार आत हाय का भाईर ते मागनं मोजा," असं म्हणून त्याने सुमंतला उचलून टांग्यात घातलं.

हाडाचं वाक्य लिहायचं नव्हतं. लिहून गेलं. पुढे चल.

भिंगारला कॅप्टन अय्यंगार म्हणून फौजेतून निवृत्त झालेले डॉक्टर आहेत. मद्रासकडचे, कपाळाला गंध, वागणं सोवळ्यातलं. पण मराठी शिकले ते पलटणीतल्या गड्यांकडून, त्यामुळे तोंड उघडलं की थेट मळ्यातला माणूस. त्यांनी पाय बांधला आणि डोक्याला मार आहे का ते तपासायला सुमंतला विचारलं, "गड्या, आज कोन वार हाय?"

सुमंत म्हणाला, "आज दमूमावशी."

"आन् काल?"

"काल बन्सीशेट."

"घरनं कुनाला बोलवायचं?"

"शनिवारला बोलवा. न जमलं तर रविवार येईल, पण ते जरा म्हातारे आहेत."

मी पोचले तेव्हा डॉक्टर गंभीर चेहऱ्याने उभे. "बाई, पायाचं ऱ्हाऊ द्या. पोराचं डोस्कं गेलंय. पुन्याला हलवाय लागतंय." मी विचारलं तो बोलला काय. त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, "डॉक्टर, सगळी उत्तरं बरोबर आहेत. शनिवार मीच."

तर त्यांनी बॅटरी पेटवून माझे डोळे तपासले गं!

दुसऱ्या दिवशी खरी गंमत. बातमी सातही घरी गेली आणि सातही घरं डबा घेऊन भिंगारला हजर. कधी एकमेकांची तोंडं पाहिली नव्हती आणि खाटेभोवती भांडायला लागली. रविवारचे आजोबा काठी आपटून म्हणतात, "आज माझा वार आहे, आज तो माझंच जेवेल." बनुबाई कंबर कसून उभ्या. "म्हणजे मंगळवारपर्यंत लेकराने माझ्या हातचं खायचं नाही? कुठल्या शास्त्रात लिहिलंय?" बन्सीशेट हळूच शिरा पुढे सरकवत होते. सुमंतने वाद मिटवला. सगळ्यांचं खाल्लं.

मधले तीन-चार दिवस सोडून देते. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

शुक्रवारी समितीची बैठक झाली. हे तू वाचायलाच हवंस! आख्खा आठवडा तिथे जाऊन बसला. आसारामजी म्हणाले, "बैठकीला फक्त पालकांना परवानगी आहे. आपण विद्यार्थ्याचे कोण?"

बनुबाई ठणकावून म्हणाल्या, "मंगळवार!"

"बाई, मंगळवार हे नातं नाही."

"नाही कसं? त्याच्या आईने पाठवलेलं तूप माझ्याकडे राहतं. पोराने दोन घास कमी खाल्ले तर मला कळतं. तुम्हाला कळतं का हो? तुमच्याकडे तर तो रोज झोपतो."

इंदू, समितीतले सगळे पागोटी सावरत खाली बघायला लागले. मी तेवढ्यात ठराव सांगितला, त्यांच्याच कारकुनाने उतरवून घेतला, आणि कोणाला विरोध करायचं सुचायच्या आत तो मंजूर झाला. यापुढे वाराने जेवणारा मुलगा आजारी पडला, कुठे पडला-झडला, तर ज्या घरचा वार असेल त्या घराने त्याला सरळ दवाखान्यात न्यायचं. अर्ज नंतर. चाक कुठे होतं ते कोणी विचारायचं नाही. खर्च समितीने सोसायचा. वसतिगृहात अशी तीसेक मुलं आहेत. कालपासून त्यांतली निम्मी माझ्याकडे बघून उगाच हसतात. कोणी एक पोर तर म्हणालं, "बाई, तुमचा शनिवार रिकामा झाला तर सांगा."

एवढ्यावर पत्र संपवावं असं फार वाटतंय.

पण ते मधले दिवस.

सोमवारी ताप चढला. मंगळवारी जखम काळी पडायला लागली. डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. त्या दिवशी त्यांची मराठी ऐकून हसू आलं नाही. "आज गुडघ्याखाली कापला तर पोरगं वाचतंय. त्येची ग्यारंटी देतो. न कापता नवीन इंजेक्शन देऊन बघायचं, तर पाय ऱ्हाईल. पर उशीर झाला तर पोरगं बी जाईल. सही कोन करतंय?"

तार केली असती तरी तुम्ही पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला असता. डॉक्टर संध्याकाळच्या पुढे थांबायला तयार नव्हते. रविवारचे आजोबा म्हणाले, "दुसऱ्याच्या लेकरावर मी सही करणार नाही. पण तू केलीस तर इथून हलणारही नाही." मी सुमंतजवळ गेले. तापातही त्याला सगळं कळत होतं. म्हणाला, "मावशी, पाय गेला तर बाबा म्हणतील, घाटावर बसूनच काम असतं, चल. मला कॉलेज सोडायचं नाही."

मी 'कापू नका' म्हणून सही केली.

धोका ठाऊक असताना केली. पुण्याहून रातोरात मोटारीने इंजेक्शनं आणली बन्सीशेटच्या मुनिमाने. गुरुवारपर्यंत मी शाळेत गेले नाही, खाटेशीच बसून होते. ताप उतरला म्हणून आज मला आसारामजींची टिंगल सुचते आहे. उतरला नसता तर तुला काय लिहिलं असतं, कसं लिहिलं असतं, ते मला अजून माहीत नाही.

डॉक्टर म्हणतात पाय राहिला, पण थोडा लंगडेल. मार्चमध्ये परीक्षेला बसेल. भटजी म्हणायचे ना, काही वेडंवाकडं झालं की पोराला परत आणीन? आता झालंय. त्यांना घेऊन ये. पोराला बघा, सातही घरं बघा, आणि मग ठरवा. न्यायचंच ठरलं तर मी आडवी येणार नाही, एकदा आले तेवढं पुष्कळ झालं. पण त्याला विचारल्याशिवाय नेऊ नका. मी त्याला विचारलं होतं.

मला बोलायचं असेल ते स्टेशनावरच बोल, सुमंतसमोर नको. मनमाडहून येणाऱ्या सकाळच्या गाडीला रोज येऊन उभी राहते.

तुझा मुलगा तुला न विचारता पणाला लावलेली,
तुझीच, अजून तू म्हणशील तर,

दमू