कप्तानाच्या बाजूचा जोर

ताई,

तुला नमस्कार, भाच्याला पापा. मी ठणठणीत आहे आणि पोटभर जेवते.

आमच्या रग्बी संघात पुढच्या फळीत आम्ही आठ जणी आहोत. चेंडू धरलेल्या मुलीला बिलगून सगळ्या घोळक्याने समोरच्यांना रेटत नेतो. याला मॉल म्हणतात. आमचे निम्मे गुण त्यावरच येतात. एकीने अंग चोरलं तरी घोळका कलंडतो. गेले दोन सामने तो कप्तानाच्याच बाजूला कलंडला. मला वाटलं, ही समोरच्यांना फितूर झाली.

काल कपडे बदलायच्या खोलीत मी तिला गाठलं. "जोर का लावत नाहीस?"

तिने जर्सी सरकवली. खांदा सुजून काळानिळा झाला होता.

"कुणाला बोलू नकोस. मला संघाबाहेर बसवतील."

मला माझीच लाज वाटली. आज सरावात तिची जागा मी घेतली आणि घोळका सरळ गेला. आता बाकीच्या कुजबुजतात, हिला कप्तान व्हायचंय. शब्द दिलाय, म्हणून गप्प आहे.

आईचा गुडघा 'बरा आहे' एवढंच तू दर पत्रात लिहितेस. खरं काय ते लिही.

तुझी,
धाकटी