कोरी अंडी

२ जुलै
परीक्षकांचा मेल आला. पेपर आवडला, पण तोच प्रयोग नव्या भ्रूणांवर पुन्हा करून दाखवा म्हणे, सप्टेंबर संपायच्या आत. एकाने "भ्रूणांची संख्या अपुरी" असा शेरा मारलाय. याला म्हणावं, ये बाबा जळगावला, मे महिन्यात इन्क्युबेटर थंड ठेवून दाखव.
मनीषाला सांगितलं, उद्या धुळ्याला जाऊन हॅचरीतून फलित अंडी आण. चेहरा पडला तिचा, यावलला घरी जायचं होतं म्हणे. म्हटलं, पीएच.डी. तुला पाहिजे की मला? माझी झालीय. गेली निमूट.
घरी आल्यावर बाबूजींच्या मांडीला टेप लावली. अजून बारीक झालीय. जैन स्थानकाच्या पायरीवर पडले तेव्हापासून पलंगावरच. वहिनी म्हणाली, "ताई, बाप आहे तो, प्रयोग नाही." मोजायचं थांबवून काय मांडी भरणार आहे?

३ जुलै
संध्याकाळी बाबूजींनी विचारलं, दिवसभर तू तिथे करतेस तरी काय? इतक्या वर्षांत पहिल्यांदा. धुळ्याचं कुणीतरी सकाळी त्यांना भेटून गेलं म्हणे, तेव्हापासून जरा गप्प आहेत.
सांगितलं. शरीर बनतं तेव्हा सगळ्याच पेशी स्नायू होत नाहीत. काहींना निरोप जातो, थांबा. त्या राखीव राहतात, शेतकरी बियाणं बाजूला काढतो तशा. पुढे स्नायू फाटला, झिजला की त्या उठतात. तो निरोप कोण देतं, आणि बंद केला तर काय होतं, ते मी बघते.
"माझ्या पायातलं बियाणं?"
म्हटलं, आहे अजून, पण उठत नाही.
"आणि हे सगळं बघायला लागतं काय?"
सूक्ष्मदर्शक, म्हटलं. या घरात अंडं हा शब्द कधी उच्चारलेला नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

७ जुलै
पहिली खेप फोडली. सगळी कोरी. दोन दिवस उबेत ठेवल्यावर पिवळ्या बलकावर रक्तवाहिन्यांची जाळी दिसायला पाहिजे, मध्ये इवलासा जीव, धडधडतं काळीज. इथे नुसता फिकट ठिपका. एकाही अंड्यात नाही.
मनीषा म्हणते, कोंबडे थकले असतील पावसात. हसू आलं नाही.
धुळ्याला हॅचरीच्या सुभाषआबांना फोन केला. "आमच्याकडून जातं ते चांगलंच जातं, ताई." फोन ठेवायची घाई त्यांना.

१३ जुलै
दुसरी खेप. कोरी.
आता हातच्या काकणाला आरसा कशाला? फलित अंडी धुळ्यालाच मिळतात. बिनकोंबड्याची, खायची अंडी जळगावात कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. दिसायला सारखीच पांढरी. धुळ्याला एस्टीने जायचं, पारोळा-एरंडोलचे खड्डे, येताना ट्रे मांडीवर धरून बसायचं. त्यापेक्षा दुकान जवळ. मुलगी आळशी आहेच. सदा उशीर, सदा गूळ-शेंगदाणे, सदा गुणगुणणं.

१८ जुलै
तिसरी खेपही कोरी निघाली. सगळ्यांसमोर विचारलं, कुठल्या दुकानातून आणलीस?
तिला कळेचना आधी. मग पर्स उघडून तिकिटं काढली, जाण्याची आणि येण्याची. मी म्हटलं, स्टँडवर पडलेली असतात असली तिकिटं ढिगाने.
रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मी कदाचित थांबले असते. एवढंच म्हणाली, "मॅडम, एकदा माझ्यासोबत चला धुळ्याला."
"माझ्याकडे वाया घालवायला दिवस नाहीत. तुझ्याकडे आहेत, केळीच्या बागेत."
हे मी बोलले. तिचे वडील यावलला लोकांच्या बागेत घड वाहतात. सगळी प्रयोगशाळा ऐकत होती. चांगलं वाटलं मला, बोलताना. खरंच चांगलं वाटलं.

२६ जुलै
समिती बसली. मी अहवाल दिला: नमुन्यांत फसवणूक. तिची नोंदणी रद्द. तिला बोलावलं तेव्हा म्हणाली, मी काही केलेलं नाही. प्रयोगशाळा सोडताना अॅप्रन घडी करून माझ्या खुर्चीवर ठेवला. अंड्याला खिडकी पाडायची तिची बारीक कात्री धुऊन ट्रेमध्ये.
यावलची बस लागली होती. मी वरून बघितलं. घरचे आता लग्नाच्या मागे लागतील. आता तो तिचा प्रश्न.

२ ऑगस्ट
गोकुळला, आमच्या शिपायाला, पाठवलं होतं धुळ्याला. विद्यापीठाच्या गाडीने, ड्रायव्हर सोबत. दुकानाची भानगडच नको.
अंडी आज फोडली. कोरी.
खुर्चीवर बसून राहिले. गोकुळने चहा आणला, तो थंड झाला.

५ ऑगस्ट
स्वतः गेले. हॅचरी हायवेला लागून आहे, आधी गेलेच नव्हते कधी. बाहेर मक्याची पोती उतरत होती. पोत्यावर आमच्या दुकानाचा शिक्का. बाबूजींच्या अडतीचा.
सुभाषआबा समोर आले, वर बघेनात. मी विचारलं, माझी अंडी कुठल्या शेडची?
"लेअरची, ताई. कोंबडा नही त्या शेडमा."
"कधीपासून?"
"शेठजीस्नी सांगेल व्हतं. मी त्यास्ले भेटाले गयथू, आजारी शेतस म्हणीसन. बोलता बोलता मन्हा तोंडातून निंघी गयं, तुमनी पोर आमनं गिऱ्हाईक शे. त्या रडाले लागनात. म्हणे, पोरले जित्तं अंडं देऊ नको, तिले पाप लागी. चाळीस वरीसना संबंध शे. मी काय करू?"
मी विचारलं, ती मुलगी येत होती का दर वेळी?
"कोन, यावलवाली? दर खेपले. उभी राहीसन ट्रे मोजे. शेंगदाना देये मन्हा नातूले."


६ ऑगस्ट
आपलेच दात, आपलेच ओठ.
बाबूजी उठून बसले होते, उशीला टेकून, सामायिकाचं ध्यान नुकतंच झालेलं. तोंडाला मुहपत्तीची पांढरी पट्टी. मी दार लावून घेतलं.
नाकारलं नाही त्यांनी. मुहपत्ती काढून विचारलं, "किती वाचली?"
तेवढंच. किती वाचली. चेहऱ्यावर असा आनंद, की मला तो पुसावासा वाटला. मग मी सांगितलं सगळं, सावकाश, एकेक. जी फलित अंडी मला मिळाली नाहीत ती मशीनमध्ये गेली. पिल्लं निघाली. तुमच्याच मक्यावर पोसताहेत. दीड महिन्याची झाली की पिंजऱ्यात भरून नेतील आणि कापतील. एक नाही वाचणार, बाबूजी. एकसुद्धा. माझ्याकडे आली असती तर दोन दिवसांचं, न कळणारं काहीतरी गेलं असतं. तुम्ही त्यांना पिसं फुटू दिली.
आणि मनीषाचंही सांगितलं.
ते म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस." मग मुहपत्तीची घडी करत, "चोर मी."
हो, म्हटलं. चोर तुम्ही.
वहिनीने दार वाजवलं. जेवणार नाहीत म्हणे ते आज.

१२ ऑगस्ट
उपवास चालूच. उपवासात शरीर आधी काय खातं ते मला चांगलं माहीत आहे, त्यावर मी तास घेते. त्यांच्या मांडीवर उरलंय काय खायला?
मी त्यांना सांगितलं ते खोटं नव्हतं. पण खरं सांगण्यासाठी सांगितलं नव्हतं.

१९ ऑगस्ट
सुभाषआबांनी चांगल्या शेडची अंडी पाठवली. जाळी, ठोके, सगळं. किती दिवसांनी बघितलं.
पण खिडकी पाडताना कवच आत पडतंय. सुई भ्रूणाच्या पाठीत एक केसभर जास्त गेली की संपलं. माझे हात पूर्वी असे नव्हते. खरं म्हणजे बरीच वर्षं मी हे स्वतः केलंच नाही, मनीषा करायची. दहातली दोन जगतात माझ्या हातून. तिच्या हातून आठ जगायची, गुणगुणत.
संध्याकाळी बाबूजींनी विचारलं, "आज किती?" मला आधी कळलं नाही. मग मेलेल्यांचा आकडा सांगितला. ते माळ घेऊन बसले. प्रत्येकासाठी एक नवकार मंत्र, एक मणी. वहिनी म्हणते, हात दुखतात त्यांचे, तरी ऐकत नाहीत. पारणं केलंय मात्र. मुगाचं पाणी घेतलं.

२७ ऑगस्ट
रोज विचारतात, "आज किती?" मी रोज सांगते. शिक्षा त्यांना आहे की मला, ठरत नाही. एकदा कमी करून सांगितला आकडा. त्यांनी डोळे मिटून विचारलं, "खरं?" मग खरा सांगितला.
समितीला अजून काही कळवलेलं नाही. कळवीन. पेपर गेला की.

१ सप्टेंबर
पर्युषण लागलं. वहिनी म्हणाली, निदान हे आठ दिवस तरी नको. म्हटलं, परीक्षकांना सांग. पण इन्क्युबेटरमध्ये नवीन अंडी लावली नाहीत. कवचं फोडून फोडून कंटाळा आला होता म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

८ सप्टेंबर, संवत्सरी
पर्युषणाचा शेवटचा, क्षमा मागायचा दिवस. फोनवर सकाळपासून तेच. "खमतखामणा. जाणते-अजाणतेपणी मन दुखावलं असल्यास." फुलांचं चित्र, हात जोडलेले. ज्यांचं मी कधी काही केलं नाही त्यांनीही माफी मागितली. मीही सगळ्यांना एकदम पाठवून दिलं. मग बघितलं, त्या यादीत मनीषाचाही नंबर होता. विद्यापीठाच्या गटात असताना घातलेला. गेला मेसेज. फुलांसकट.
दोन निळ्या खुणा. वाचलंय तिने.
संध्याकाळच्या प्रतिक्रमणानंतर, दोषांची कबुली देऊन झाल्यावर, बाबूजींनी माझ्यापुढे हात जोडले. बापाने असे हात जोडलेले बघवत नाहीत. मी पण जोडले. ते म्हणाले, "मला नको. त्या पोरीला. आणि फोनवर नाही."

९ सप्टेंबर
यावल, भुसावळवरून. विचारत विचारत घर सापडलं. मनीषा ओट्यावर बसून कुणाच्या तरी मुलाचा अभ्यास घेत होती. उठली, खुर्ची दिली, पाणी दिलं. बसा म्हणाली नाही, पण बसले.
सगळं सांगितलं. हॅचरी, मका, बाबूजी. तिने मुलाची वही मिटून त्याला घरी पाठवलं. ऐकून झाल्यावर म्हणाली,
"मॅडम, माफी मागायला आलात, की हात न्यायला?"
दोन्ही, म्हटलं. खोटं बोलायची हिंमत नव्हती.
"हात मिळतील. पत्र आधी. समितीला. मी दर खेपेला धुळ्याला जात होते, हे लिहा. अंडी कुणी बदलायला लावली तेही लिहा, नावासकट. नाहीतर लोक म्हणतील, मॅडमला दया आली. दया नको मला."
बाबूजी स्थानकाचे विश्वस्त आहेत, म्हटलं. ऐंशीच्या पुढे आहेत. पडून आहेत.
"माझे वडील पण घड वाहतात," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं सगळ्यांना."
तिची आई चहा घेऊन आली. घ्या ना मॅडम, म्हणाली, लांबून आलात. तिला काहीच माहीत नसावं, किंवा सगळं माहीत असावं. प्यायले.

१० सप्टेंबर
समिती उद्या बसतेय. पत्र लिहून झालंय. सगळं आहे त्यात, माझं बोलणं, तिकिटं, बागेचं सुद्धा. एक जागा मोकळी आहे. "हॅचरीमालकाला तशी सूचना माझे वडील" आणि पुढे नाव. चारदा लिहून खोडलं.
बाबूजींना वाचून दाखवायला गेले होते, त्यांच्याच तोंडून हो किंवा नाही ऐकावं म्हणून. त्याआधीच त्यांनी माळ हातात घेतली. रोजचाच प्रश्न.
"आज किती?"
प्रयोगशाळेत आज गेलेच नव्हते. डोळ्यापुढे यावलचा ओटा होता.
"एक," मी म्हटलं.
त्यांनी वर बघितलं. मग डोळे मिटले आणि पहिला मणी ओढला. एकाला एकच मणी पुरे, पण ते थांबले नाहीत. पत्र माझ्या हातात घडी केलेलंच होतं. माळ संपेपर्यंत बसून राहिले, आणि ती संपली तेव्हा त्यांना झोप लागली होती. मोकळी जागा भरायची की नाही, ते आता मलाच ठरवायचं.