एकवीस पुढे, अठरा मागे

३ फेब्रुवारी

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघी ठीक. तू कसा आहेस, आणि काठी अजून कुठेकुठे विसरून येतोस का? फोन केले, उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतलाय.

मागच्या शेडमधली तुझी जुनी मोटारसायकल चालू झाली. कार्बुरेटर साफ केला, पेट्रोलची नळी बदलली, आणि बाईसाहेब खोकत खोकत बोलायला लागल्या. आता घोडं अडलंय टायरपाशी. दोन्ही लाकडासारखे कडक झालेत, बाजूंना भेगा पडल्यात. ट्यूब आतल्या आत चिकटून बसल्यात. २३ मार्चला जुन्या गाड्यांची टेकडीवरची फेरी आहे, तू उतरायचास तीच. मी नाव दिलंय. आईला सांगितलं, तेव्हापासून ती माझ्याशी फक्त भाजीबद्दल बोलते.

ऑफिसात दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांचे पाण्याचे पंप का बंद पडले ते फोनवर ऐकत बसते मी. समोर भिंत. पाय टेबलाखाली आपोआप हलतात, शेजारची वैतागते. मामा, मला एकदा तरी त्या उतारावरून खाली यायचंय, नाहीतर खुर्चीतच मुळं फुटतील मला. टायर कुठले घेऊ, ट्यूब कुठल्या, लगेच कळव.

लोभ आहेच, तो उत्तराच्या पाकिटात घालून धाड.
तुझी भिंगरी


५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

भिंगरीचं पत्र तुला मिळालं असेल. तिला उत्तर देण्याआधी हे वाच.

तू त्या उतारावर पडलास तेव्हा तुला उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं सगळं मी केलं. तू विसरला असशील, मी नाही. माझी ती एकुलती एक आहे. दुकानात शिवायला बसते तर सुई कापडाऐवजी बोटात जाते, असं झालंय माझं. नाही म्हणावं तर दुप्पट हट्टाला पेटेल, तुझ्यावरच गेलीय. म्हणून हे तू लांबव. फोन उचलू नकोस. पत्रानेच कळव, आणि दर पत्रात एक नवी अडचण काढ. खोटं बोल म्हणत नाही, वेळ काढ म्हणतेय. फेरी होऊन गेली की डोकं थंड होईल तिचं.

एवढं ऐकलंस तर तुझे बाकीचे सगळे अपराध माफ.
तुझी ताई


११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

टायर फोनवर ठरवत नाहीत. ऐकलेलं माणूस विसरतो, लिहिलेलं पुन्हा वाचतो.

गाडीची मापं जुनी, इंचातली: पुढे ३.००-२१, मागे ४.००-१८. शेवटचा आकडा रिमचा. एकवीस पुढे, अठरा मागे, त्यात तडजोड नाही. नव्या टायरवर रुंदी मिलिमीटरमध्ये असते. पुढे ८०/१००-२१ बसेल. मागे दुकानदार ११० चा गळ्यात मारील, दणकट दिसतो म्हणून. घेऊ नकोस. आपल्या गाडीचं मागचं चाक धरणारा चिमटा अरुंद आहे, रुंद टायर साखळीला घासेल. १००/१००-१८ च बघ. तोही लगेच घेऊ नकोस. जुना टायर आणि चिमटा यांच्यामधून दोन्ही बाजूंनी करंगळी जाते का, ते आधी कळव. आणि गोदामात पडलेला माल फुकट दिला तरी नको. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. जुनं रबर वरून छान दिसतं आणि वळणावर दगा देतं.

सावकाश चालू दे. घाई टायरला मानवत नाही. आईला जप.
तुझा मामा


१७ फेब्रुवारी

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

करंगळी जाते. साखळीच्या बाजूला जरा अंग चोरून, पण जाते. दुकानदाराने ११० चाच काढला. मी नको म्हटलं आणि चार आकडे दाखवायला सांगितले, तर चष्मा शोधायला आत गेला आणि दुसराच टायर घेऊन बाहेर आला. आता त्याच्याकडे दोन तऱ्हेचे बटण टायर आहेत. एकाची रबरी बटणं उंच आणि लांब लांब, दुसऱ्याची बुटकी आणि दाट. कुठले घेऊ?

मला झोप लागत नाही, जेवताना उभी राहते म्हणून आई ओरडते. काल ऑफिसात एका गिऱ्हाईकाला पंपाचं विचारता विचारता म्हणून गेले की करंगळी जाते का बघा. त्याने बिचाऱ्याने बघितलीसुद्धा.

पुढचं उत्तर एवढं सावकाश नको. माया कर, पण चपळाईने कर.
भिंगरी


२२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, पण रागावून.

मी वेळ काढायला सांगितलं होतं, तू शाळा उघडलीस. पोरगी येता-जाता रस्त्यावरच्या गाड्यांचे टायर वाकून वाचते. तिला सांग की असे टायर हल्ली मिळत नाहीत. चार शब्द लिहायचेत, त्यात काय जातंय तुझं?

ताई


२६ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लिहायला बसतो तेव्हा तुझंच ऐकायचं ठरवून बसतो. पण चुकीचा टायर सांगायला हात धजत नाही, आणि अर्धवट सांगितलं तर ती अर्धवटच घालून निघेल. आज तिला सगळं लिहून टाकलंय, ते असं: उताराला वर भुसभुशीत माती, खाली खडक, तेव्हा फार उंच बटणं नकोत, मध्यम अंतराची घे. ट्यूब टायरच्या मापाचीच आणि जाड घे, पातळ ट्यूब दगडावर आपटून रिमखाली चिरते. आणि मागच्या रिमला टायर धरून ठेवणारा चाप नवा घे. माझ्या चाकात तो नव्हता. टायर रिमवर सरकला, ट्यूबला ओढत गेला, व्हॉल्व्ह मुळापासून तुटला. पुढचं तुला माहीत आहे.

टायर चढवायचं मात्र लिहून सांगता आलं नाही. ते हाताचं काम, आणि ते कायम तुझ्या हातात होतं, माझ्या नव्हतं.

तिला नको म्हणायचं असेल तर समोर बसवून म्हण, ताई. मी टायरच्या आडून म्हणणार नाही. राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

धाकटा


१६ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्यावर रागावले होते, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. आज दुपारी दुकान बंद करून शेडमध्ये गेले, ते नाही म्हणायलाच. शब्द जुळवून ठेवले होते. बघते तर ही फरशीवर बसलेली, हात काळे, डोळे लाल. मागचा टायर चढवताना लिव्हरखाली सापडून ट्यूबला भोकं पडली होती. एकदा फाटली, ठिगळ लावलं, पुन्हा फाटली. तीच पुन्हा ठिगळ लावून घालायला निघाली होती. मला म्हणाली की चालेल तेवढ्यापुरतं.

मग माझ्याने राहवेना. तिला नवी ट्यूब आणायला पिटाळलं आणि पदर खोचून बसले. ती ट्यूब घेऊन आली तशी ट्यूबला पावडर लावली, जराशी हवा भरली, टायरच्या काठाला साबणाचं पाणी फिरवलं. लिव्हरने थोडंच केलं, बाकी गुडघ्याने दाबून. चाप आवळला, मन मानेना, उघडून पुन्हा आवळला. पोरगी तोंडाचा आ करून बघत होती. तिने विचारलं की तुला हे कसं येतं. मी म्हटलं, तुझ्या मामाला येत नव्हतं म्हणून. पुढचं चाक तिच्याकडून करून घेतलं. चांगलं केलं तिने. तुझ्यापेक्षा तरी नक्कीच.

नाही म्हणायचं राहूनच गेलं. आता म्हणायला तोंड नाही. माझ्याच हाताने गाडी उभी केली तिची.

शिवण तिरकी जाते. उत्तर पाठवू नकोस, फेरीच्या रविवारी तूच ये. ती उतारावर लागली की मला तिकडे बघवणार नाही. तू असलास तर मी टेकडीकडे पाठ करून तुझ्याशी भांडत उभी राहीन, तेवढा वेळ निघून जाईल. तू मात्र तिच्यावरची नजर काढू नकोस. मी काहीही बोलत असले तरी, ती खाली पोचली की मला मध्येच थांबव.

तुझी ताई