तुमच्या गाडीचं तेल मी बदललं

अहो,

सप्रेम नमस्कार. समुद्रावरच्या माणसाला ‘तिकडे पाऊसपाणी कसं आहे’ असं विचारणं बरं दिसत नाही, म्हणून तेवढं सोडून बाकी सगळं विचारते. तब्येत कशी आहे? वेळेवर जेवता ना? इंजिनखान्यातल्या गरमीने पाठीवर आलेलं पुरळ गेलं का? दिलेलं मलम लावता, की डबी उशाशी ठेवून नुसते तिच्याकडे बघता? (मी ओळखते तुम्हाला.) इकडे आई ठणठणीत आहेत. गुडघा दुखतो, पण भाजी निवडायला घेतली की दुखतो, शेजारी कोणाचं भांडण लागलं की जिना चढताना दुखत नाही. मीही बरी आहे. डाव्या हाताचा अंगठा तेवढा सुजलाय, आणि तो का सुजला हे सांगायलाच हे पत्र. आधी घोटभर पाणी प्या. प्यालात? तुमच्या गाडीचं इंजिन ऑइल मी बदललं. हो, मीच. पडदे शिवणाऱ्या बाईने.

जाताना तुम्ही बजावलं होतंत की गाडी मधूनमधून बाजारापर्यंत फिरवून आण, बाकी कशालाही हात लावू नकोस, मी आलो की बघतो. ते ‘आलो की’ आधी एकदा लांबलं, मग कंपनीने करार वाढवला तसं पुन्हा लांबलं. मी काही बोलले नाही. (फोनवर बोलले नाही. घरी बरंच बोलले, आईंना विचारा.) तुम्ही तिकडे दुमजली घराएवढ्या इंजिनाला रात्रंदिवस तेल पाजता. हुद्दाच तुमचा ऑइलर. कोणी विचारलं, ‘मिस्टर काय करतात?’ तर मी सांगते, ‘तेल ओततात,’ आणि लोकांना वाटतं मी आमच्या घरातली भांडणं सांगायला लागले. आणि इकडे अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीत तेलाची ही अवस्था, की डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवून बाहेर काढली तर तेल खालच्या खुणेच्याही खाली आणि रंग डांबराचा! आई म्हणाल्या, “काजळ झालंय गं.”

तुम्ही विचाराल, डिपस्टिक बघायची तुला काय गरज पडली? त्याचं असं आहे. बाजारातून आले की मी लगेच गाडीतून उतरत नाही. पिशव्या शेजारच्या सीटवर ठेवते आणि थोडा वेळ बसून राहते. तुमची सीट मी पुढे सरकवलेली नाही. पाय पुरत नाहीत, म्हणून पाठीमागे बैठकीतली जाड उशी लावते आणि तशीच चालवते. सीट एकदा सरकवली की तुमची नेमकी जागा कोणती होती हे मला पुन्हा सापडायचं नाही. तर अशी बसले असताना इंजिन कुरकुरल्यासारखं वाटलं. आधी वाटलं माझंच पोट. मग बॉनेट उघडलं.

तुमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेले, तर त्यांनी गॅरेज बंद करून लेकीकडे मुक्काम हलवलाय. नव्या गॅरेजमधल्या माणसाने गाडीभोवती एक फेरी मारली, कपाळावर हात ठेवला आणि दवाखान्यात नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तशा आवाजात म्हणाला, “ताई, हिला आता विश्रांती द्या.” मी म्हटलं, “तिचा मालक घरी येईपर्यंत तिला विश्रांती नाही आणि मलाही नाही.” आणि गाडी घेऊन सरळ सुट्या भागांच्या दुकानात गेले.

दुकानदार तुम्हाला आठवत असेल, कानावर पेन ठेवून तेच पेन दुकानभर शोधणारा. त्याने विचारलं, “गाडी कोणती?” माझ्या तोंडून निघून गेलं, “आमच्या ह्यांची.” तो म्हणाला, “ह्यांची म्हणून कंपनी नाही निघाली अजून.” मग मी डॅशबोर्डाच्या खणातलं गाडीचं पुस्तक आणून त्याच्यापुढे ठेवलं. तो मला सोन्यासारख्या डब्यातलं एक पातळ तेल घ्या म्हणून मागे लागला होता, पण पुस्तकात आपल्या गाडीसाठी जरा दाट तेल लिहिलंय. मी म्हटलं, पुस्तकात आहे तेच द्या. तो म्हणाला, बरोबर आहे, इंजिन जुनं झालं की आतले भाग झिजून सैल पडतात, पातळ तेल धरत नाहीत. हे ऐकून मला उगीचच आपली आठवण झाली. (माझी आणि तुमची. गाडीची नव्हे. दाट तेलाचीही नव्हे. जाऊ द्या.)

एअर फिल्टर निवडताना मात्र मी कोणाचं ऐकलं नाही. त्यात घडीघडीचा कागद असतो, म्हणजे आपल्या पडद्याच्या चुण्याच की! त्याने तीन समोर ठेवले. एकाच्या चुण्या वेड्यावाकड्या, एकाच्या विरळ, तिसऱ्याच्या अशा सरळ आणि गच्च, की मला ती चुणी घालणाऱ्याला कामावर ठेवावंसं वाटलं. तो घेतला. तो गाडीतल्या त्याच्या खोक्यात नीट बसतो का ते तिथेच लावून पाहिलं, बसला. ऑइल फिल्टरचं तसं नाही. तो बाहेरून नुसता पत्र्याचा डबा, आतलं काही दिसत नाही. दोन होते, दोन्ही आपल्या गाडीला चालणारे. मी विचारलं, फरक काय? तो म्हणाला, “एकात आत रबराची झडप आहे. गाडी उभी राहिली की तेल खाली उतरून जातं, मग चालू करताना इंजिन क्षणभर कोरडं फिरतं. ही झडप तेल आतच धरून ठेवते. गाडी रोज चालते की उभी असते?” मी म्हटलं, “उभी असते. वाट बघत.” त्याने माझ्याकडे पाहिलं, कानावरचं पेन काढलं, पुन्हा ठेवलं, आणि झडपवाला बांधून दिला.

मग आली सुट्टीची सकाळ. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर स्वतःहून मदतीला आले. (त्यांच्या नव्या गाडीचं बॉनेट त्यांनी अजून उघडलेलं नाही, त्यामुळे त्यांना फार उत्साह होता.) रबरी हातमोजे आणले, तोंडाला मास्क लावला आणि कपाळाला तो दात बघायचा दिवासुद्धा बांधला. सपाट जागेवर गाडी घेतली, इंजिन थोडं गरम केलं, म्हणजे तेल भरभर उतरतं. पुढची बाजू जॅकने उचलली आणि खाली लोखंडी स्टँड लावले. ‘नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही’ हे तुमचं वाक्य मी डॉक्टरांना इतक्यांदा ऐकवलं की शेवटी तेच मला ऐकवायला लागले. आई खुर्ची टाकून देखरेखीला बसल्या.

इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा बोल्ट हलेना. डॉक्टर खालून म्हणाले, “जरासं ओढल्यासारखं वाटेल,” आणि पाना फिरवला. सवय हो, दुसरं काय. पाना निसटला आणि माझ्या अंगठ्यावर बसला. मी ओरडले तर म्हणाले, “चूळ भरा.” आम्ही दोघांनी घाम गाळला, आळीपाळीने जोर लावला, बोल्ट तसूभर हलेना. तेवढ्यात आईंनी खुर्चीतून विचारलं, “तुम्ही सोडवताय की आवळताय?” खालून बघताना डावं-उजवं उलटं झालं होतं आणि आम्ही मघापासून बोल्ट घट्ट करत होतो. आईंचं डोकं तुमच्यापेक्षा चांगलं चालतं, हे मी लग्नानंतर लगेच ओळखलं होतं.

बोल्ट सुटला आणि ते काळं तेल घमेल्यात पडायला लागलं. (घमेलंच होतं. तुमची आवडती कढई नव्हती. आई सांगतील त्यावर विश्वास ठेवू नका.) पुसायला फडकं हवं होतं, तर आई आतून तुमचा निळ्या रेघांचा सदरा घेऊन आल्या आणि फाडायला लागल्या. कॉलर विरलेली आहे, हे मलाही दिसतं. पण मी तो त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि जरा जास्तच जोरात ओढला. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि स्वतःची चांगली, न फाटलेली चादर आणून मधोमध फाडली. डॉक्टर तेवढा वेळ गाडीखालीच पडून राहिले, बाहेर आलेच नाहीत. भला माणूस आहे.

जुना फिल्टर निघाला. नव्याच्या रबरी कडीला तेलाचं बोट लावून हाताने घट्ट बसवला, बोल्टला नवा वायसर घातला, बोल्ट आवळला (या वेळी आवळायचाच होता, त्यामुळे सोपं गेलं), गाडी खाली घेतली, वरून तेल भरलं, आणि गाडी चालू केली. काय सांगू! आवाज इतका मऊ, की आईंनी टाळ्या वाजवल्या. आणि पुढच्याच क्षणी फिल्टरच्या कडेने सगळं नवं तेल भळाभळा जमिनीवर. डॉक्टर ओरडले, “बंद करा, रक्तस्राव!” झालं होतं असं, की जुन्या फिल्टरची रबरी कडी इंजिनालाच चिकटून राहिली होती आणि आम्ही तिच्यावर नवी बसवली होती. एका जागी दोघी. कशा नांदणार? मी तिथेच, त्या तेलात, फतकल मारून बसले आणि रडायला लागले. डॉक्टरांना वाटलं तेल वाया गेलं म्हणून. ते बिचारे, “वहिनी, तेल काय, परत आणता येतं,” असं समजावत होते. मी म्हटलं, “हो ना, तेल येतं परत.” आणि आणखी रडले.

आईंनी मला उठवलं नाही. गुडघा दुमडून त्या माझ्या शेजारी त्याच तेलात बसल्या. म्हणाल्या, “तो लहान असताना सायकल खोलून बसायचा आणि जोडता आली नाही की असाच रडायचा. पण जोडायचा. ऊठ.” उठले. पुन्हा दुकान, पुन्हा तेल. जुनी कडी नखाने खरवडून काढली, जागा पुसली, फिल्टर पुन्हा बसवला, गाडी चालू केली, आणि आम्ही तिघं वाकून खाली बघत राहिलो. एक थेंब नाही. डिपस्टिकवर तेल बरोबर वरच्या खुणेशी, मधाच्या रंगाचं. काढलेलं तेल डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे पोचतं केलं. तोच, विश्रांतीवाला. इंजिनाचा आवाज ऐकून म्हणाला, “कोणी केलं?” मी म्हटलं, “दातांच्या डॉक्टरांनी.” त्याने तोंड घट्ट मिटून डबा आत नेला.

तर असं आहे. गाडी उत्तम आहे, काळजी नसावी. आमची आठवण काढून कामात लक्ष उडू देऊ नका. आम्ही मजेत आहोत आणि तुमच्यावाचून आमचं काही अडत नाही. आईंचा आशीर्वाद.

तुमचीच,
अजून नखं काळी असलेली

ता. क. तुमच्यावाचून काही अडत नाही असं वर लिहिलंय, ते वाचू नका.

ता. क. २. गाडी कुरकुरली म्हणून तेल बदललं, असंही लिहिलंय. ती कुरकुरत होती हे खरं, पण ती गेलं वर्षभर कुरकुरतेय. खरं कारण निराळं. मागचं पत्र द्यायला तुमच्या कंपनीच्या कचेरीत गेले होते, तेव्हा तिथल्या बाई सहज बोलून गेल्या की जहाज माल भरायला आपल्याच देशाच्या दुसऱ्या टोकाच्या बंदरात येतंय, एका दिवसापुरतं. तुम्ही मला कळवलं नाहीत. का नाही कळवलंत तेही मला समजलं. घरी यायला वेळ नाही, मग सांगून हिचा जीव कशाला टांगणीला लावायचा, असंच ना? रस्ता लांब आहे, मध्ये घाट आहे, आणि काळ्या तेलावर घाट चढत नाही. म्हणून हा सगळा खटाटोप. आई मागच्या सीटवर. डब्यात काय घ्यायचं यावरून आमचं आत्ताच वाजलंय. तेव्हा वरिष्ठांकडे शब्द टाका. दिवसभराची नको, तासाभराची सुट्टी मागा, आणि कुठल्या गेटपाशी थांबायचं तेवढं कळवा.

ता. क. ३. सुट्टी मिळाली नाही तर मात्र कळवू नका. आम्ही तरीही येणार. जहाजाच्या कठड्याशी उभे राहा. मी लांबून ओळखेन.